चांगोकाकांच्या वाट्याची वीज

माझे चांगोकाका पायाळू होते. आईच्या पोटातून ते डोक्याच्या आधी पायांनी बाहेर आले, आणि एवढ्या एका गोष्टीवर गावानं त्यांचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडे धरून चालतात. पाठीत उसण भरली, कमरेत लचक बसली, की त्याने पाठीला पाय लावायचा आणि दुखणं उतरायचं. हे झालं चांगलं. वाईट हे, की आकाशातली वीज त्याला शोधत असते. जन्मभर शोधते, आणि सापडला की त्याच्यावर पडते. त्याच्या शेजारी जो बसला असेल तोही त्याच्याबरोबर जातो.

पायाच्या गुणासाठी लोक काकांकडे लांबलांबून येत. चौकहून, खालापुरातून, पार कर्जतच्या बाजूनंही. आमच्या ओटीवर पालथे पडत, काका भिंतीचा आधार घेत आणि डाव्या पायाने त्यांच्या पाठीला तीनदा हलकेच रेटत. एकदा एक जाडजूड दुकानदार आला होता, त्याला पालथा करायला दोन माणसं लागली. उठल्यावर तो म्हणाला, "बरं वाटलं," आणि लगेच दाराशी जाऊन आभाळ बघून आला. तेवढ्यात ढग तर आला नाही ना, याची खात्री करून घेत होता. पाठ धरली की चांगो हवा आणि आभाळ भरलं की चांगो नको, असा सगळा कारभार. मला लहानपणापासून या लोकांचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमची वाडी लोधिवलीच्या आत, पाताळगंगेच्या अंगाला. समोर इर्शाळगडाचा सुळका, त्याच्यापलीकडे माथेरान, उगवतीला घाटाची भिंत. सगळी भातशेती. उन्हाळ्यात शेतात काम उरतं ते राबाचं. रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे शेण, पाला, फांद्या, गवत यांचा थर रचायचा, वर माती पसरायची आणि पाऊस येण्याआधी तो भाजून काढायचा. हे काम ऐन वैशाखात, आणि वळीव येतो तोही तेव्हाच. दुपार कलली की घाटावर ढग उभा राहतो, बघता बघता आभाळात चढतो आणि गडगडत खाली येतो. माझ्या लहानपणी, म्हणजे बावन्न-त्रेपन्न सालच्या सुमाराला, असा वळीव मे महिन्यात एखाददोनदा यायचा. आंबे पाडायचा, धूळ बसवायचा आणि जायचा.

तेवढ्या एखाददोन वेळांसाठी माझ्या आजोबांनी काकांना एक खोपी बांधून दिली होती. खालच्या खाचराच्या बांधाआड, पेंढ्याने शाकारलेली, कमरेएवढ्या उंचीची. आत वाकूनच जावं लागायचं आणि बसूनच राहावं लागायचं. एवढी बुटकी का, तर विजेला ती दिसू नये. पहिला गडगडाट झाला की काका हातातलं काम टाकून, पानावरून अर्धी भाकरी सोडून खोपीकडे चालू लागत. ते पोर असल्यापासून हे असंच. आजी पदरात तोंड घालून रडायची, पण घरात माझे वडील विठू आणि आत्याही होत्या. एका पोराला बाहेर घालवून बाकीची दोन वाचवायची, असा तो सरळ हिशेब होता आणि तो कुणालाच चुकीचा वाटला नाही.

काकांनाही वाटला नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. स्वतःच्या मरणाची त्यांना भीती नव्हती. आपल्यामुळे दुसरं कुणी मरेल ही भीती मात्र त्यांच्या हाडात भिनली होती. आपली वीज आपल्यावरच पडावी, दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊ नये, ही एकच गोष्ट त्यांनी जन्मभर सांभाळली. चौकला एका लग्नात पंगत बसली होती आणि लांब कुठेतरी गुरगुरलं. दोन-तीन माना काकांकडे वळल्या. काका हसत हसत उठले, वाढणाऱ्याला म्हणाले, "जिलबी ठेव रं माझी," आणि मांडवाबाहेर पडले. मी तेव्हा परकर नेसण्याच्या वयाची. मी त्यांच्यामागे धावले. उघड्या माळावर त्यांनी मागे वळून मला पाहिलं आणि जोरात थोबाडीत मारली. "माघारी जा. मानसांत जा." आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला तो एवढाच. त्या दिवशी वीज कुठेच पडली नाही आणि पाऊसही आला नाही.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, खोपोलीला दिली. पण काकांवरून गावाशी माझी भांडणं चालूच राहिली. असं काही नसतं, वीज माणसाचे पाय बघत नाही, असं मी ज्याला-त्याला सुनवायची. "मास्तरीनबाई आल्या," असं म्हणून लोक हसायचे. आमच्याकडे चुलत्याला अहो-जाहो करत नाहीत. मीही बोलताना काकांना अरे-तुरेच करायची, लिहिताना मात्र एकेरी करवत नाही. तर मी त्यांना म्हणायची, "काका, तू बस रं घरात. काय नाय होत." काका म्हणायचे, "तुझं पुस्तक खरं असल. पन चुकून खोटं निगालं तर?"

काकांचं लग्न कसं झालं ही मजेचीच गोष्ट आहे. पायाळूला मुलगी कोण देणार? बिजलीला सून करून दिल्यासारखं. पण कळंबचे एक शेतकरी पाठीच्या दुखण्याने बेजार होऊन बैलगाडीत आडवे पडून आले आणि काकांनी पाय लावल्यावर आपल्या पायांनी चालत परत गेले. पाठ बरी झाली त्या आनंदात त्यांनी लेक देऊन टाकली. तीच माझी गौराकाकी. काळीसावळी, दात जरा पुढे, आणि तोंडाने अशी फटकळ की माझे वडीलसुद्धा तिच्यासमोर जपून बोलायचे. काकांना मूल झालं नाही. त्यांची सगळी माया आमच्याकडे, त्यातही माझ्याकडे आली.

काकी नवी नवरी असताना पहिला वळीव आला. काका उठून चालू लागले तशी तीही घोंगडी घेऊन मागे निघाली. काकांनी तिला बांधावरून परत पाठवलं. घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ही वीज काय माझी सवत हाय? तिला भेटाया एकलंच जायाचं असतंय वाटतं यांना." आजीने तोंडावर हात ठेवला. पण काकीने ते धरलं ते धरलंच. ढग चढला की ती अंगणातून ओरडायची, "अवो, आली बघा तुमची! जावा, वाट बघतीय." काकासुद्धा हसायचे आणि जायचे.

या सगळ्या थट्टेखाली तिची एक मागणी होती. तिला एकदाच त्या खोपीत त्यांच्यापाशी बसायचं होतं. मला तिने भात सडता सडता सांगितलं होतं, "जया, भाईर आभाळ फाटतंय आनि हा मानूस एकला बसून ऱ्हातो. मी हितं चार भिंतीत बसून काय करू? पडली तर दोगांवर पडंल. त्यात काय वाईट हाय?" तिचा विश्वास होता की नव्हता, मला कधी नीट कळलं नाही. वीज नवऱ्यावर पडणार हे ती धरूनच चालली असावी. त्याला एकट्याला विजेच्या तोंडी द्यायला मात्र ती तयार नव्हती. दर वळवाला ती विचारायची आणि दर वेळी काका नाही म्हणायचे. बाकी कशालाही त्यांनी तिला कधी नाही म्हटलं नाही.

पुढे उन्हाळे बदलले. डोंगरावरचं रान कोळशाच्या भट्ट्यांसाठी आणि इमारतीच्या लाकडासाठी तुटत गेलं. मी कॉलेजात जाईपर्यंत समोरचे उतार बोडके झाले होते. रसायनीला कारखाने उभे राहिले, वाडीतली पोरं तिकडे कामाला लागली, त्याचं बरंच झालं. पण ऊन पूर्वी चैत्रात चढायचं ते आता होळीपासूनच चढायला लागलं. समुद्राकडून दुपारी जी गार झुळूक यायची ती कित्येक दिवस यायचीच नाही. म्हातारी माणसं म्हणत, असली आग आम्ही पाहिली नव्हती. म्हातारी माणसं दर वर्षीच असं म्हणतात, पण विहिरींचे तळ त्यांच्या बाजूने साक्ष देत होते.

आणि आग जितकी जास्त तितका वळीव दांडगा, हे तर वाडीतल्या लहान पोरालाही दिसायचं. मी शाळेत भूगोल शिकवायची. जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापते, समुद्राकडची ओल उचलून वर जाते, वर थंडीत तिचा ढग होतो. खाली जितका जाळ तितका वर उठाव. भाताच्या तपेल्यावरचं झाकण उडतं तसंच ते. ढग जितका उंच चढेल तितकी त्यात वीज जास्त, गारा जास्त, वारा जास्त. फळ्यावर मी हे बाण काढून समजवायची. आमच्या पुस्तकात वीज कशी तयार होते ते सगळं होतं, ती पडते तेव्हा कुठे उभं राहू नये ते मात्र नव्हतं. ज्याने पुस्तक केलं त्याला बहुधा शेतात जाऊन राब रचायचा नव्हता.

कडक उन्हाळ्याची झळ काकांना अशी बसायची की त्यांचा घरातला वावरच कमी व्हायचा. पूर्वी एखाददोनदा खोपीत जाणारा माणूस आता दिवसाआड जाऊ लागला. पाण्याचं मडकं त्यांनी तिथेच नेऊन ठेवलं. कधी नुसताच गडगडाट होऊन जायचा, कधी झोडपून काढायचा. "सवतीचा मुक्काम वाढला," काकी म्हणायची. पण आता तिच्या थट्टेत पहिल्यासारखं पाणी नव्हतं. केस पांढरे झाले तरी तिचा नवरा अजून मेघ वाजला की तिच्यापासून उठून जात होता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा मे महिना. मी सुट्टीला माहेरी आले होते. तसला उकाडा मी पुन्हा पाहिला नाही. हमरस्त्यावरचं डांबर पाघळून ट्रकच्या चाकांना लागत होतं. कोंबड्या चोच वासून पडायच्या आणि त्यातल्या काही उठायच्याच नाहीत. झाडाचं पान हलत नव्हतं. राब रचायचे राहिले होते, म्हणून सगळी वाडी पहाटेपासून शेतात राबत होती. ऊन चढलं की माणसं वरच्या बांधावरच्या रायवळ आंब्याखाली येऊन पडायची. त्या बांधावर पूर्वी झाडांची रांग होती. बाकीची गेली होती, एवढा एक आंबा राहिला होता, उंचच उंच. सावली तिथे तेवढीच, त्यामुळे सगळे तिथेच.

मी आणि आई घरी होतो. आंब्याखाली काय झालं ते मला धाऊने सांगितलं. धाऊ म्हणजे आमच्या शेजारचा, काकांच्या बरोबरीचा. त्या दिवशी तोही राब रचायला होता.

दुपार कलली आणि घाटावर ढग चढू लागला. खालून काळा, वरून पांढरा, आणि त्याचा माथा आभाळात पसरत गेला. उकाडा असा झाला की श्वास घेववेना. मग एकाएकी गार वारा सुटला, राबावरचा पाला उडायला लागला आणि पहिला कडकडाट झाला. काकांनी पाटी टाकली आणि खोपी गाठली. बाकीची माणसं आंब्याकडे धावली. गौराकाकी त्या वेळी खालच्या खाचरात पाणी घेऊन गेली होती. तिथून आंबा लांब आणि खोपी चार हातांवर. गारा पडायला लागल्या तशी ती खोपीच्या तोंडाशी गेली.

धाऊला झाडाखालून सगळं दिसत होतं. काकी वाकून आत शिरत होती आणि काका तिला बाहेर रेटत होते. ती दारातच फतकल मारून बसली, खांब धरून. "न्हाय जानार मी. आज न्हाय जानार." हे तिचं ओरडणं वाऱ्यावरून झाडापर्यंत आलं. काका तिला उचलून बाहेर आले, बांधावर ठेवलं, ती परत आली. तेव्हा काकांनी खाली वाकून ढेकूळ उचललं आणि तिच्यावर फेकलं. मग दुसरं. मग तिसरं. गुराला हाकलावं तसं. "जा! झाडाखाली जा! मानसांत जा!" तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि शेवटी आंब्याकडे चालू लागली. ती निम्म्यावर येईपर्यंत काका ढेकळं मारत होते, थांबली तर परत येईल म्हणून.

आंब्याखाली येऊन तिने पदराची माती झटकली. ती हसत होती, धाऊ म्हणाला. "बग रं धाऊ, म्हातारपनी मार खाल्ला," असं म्हणत ती बुंध्याला टेकली.

आम्हाला घरात फक्त पांढरा उजेड दिसला आणि कान बधिर झाले. आम्ही धावत गेलो तोवर पाऊस ओसरत आला होता. झाडाची साल शेंड्यापासून खालपर्यंत उभी सोलून निघाली होती. कुणी बसून रडत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. धाऊचा एक पाय पोळला होता आणि त्याच बाजूच्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. गौराकाकी बुंध्याशी बसल्यासारखी होती. तिच्या अंगावर मला कुठे जखम दिसली नाही. काका तिच्या पायाशी उकिडवे बसून तिच्या लुगड्याला लागलेली ढेकळांची माती हाताने पुसत होते. पावसाने मातीचा चिखल झाला होता. ते पुसत होते आणि चिखल पसरत होता.

गावाने दुसऱ्या दिवशीच निकाल लावला. वीज चांगोचीच होती. त्याच्यावर पडायला आली, तो सापडला नाही, म्हणून त्याच्या अर्ध्या अंगावर पडली. बायको म्हणजे अर्धं अंग, नाही का! दहाव्याला नदीवर हेच चाललं होतं. मी तिथेच तोंड सोडलं. तुम्ही या माणसाला जन्मभर कुत्र्यासारखं हाकललंत, आता त्याची बायको मेली तरी तुमचं समाधान होत नाही का, असं बरंच काही बोलले. काकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं.

"बोलू नको गं," ते म्हणाले. "त्यांचं बराबर हाय. माझीच होती ती. गौरानं आपल्या अंगावर घेतली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते रडत होते, पण त्या बोलण्यात मला न समजणारं काहीतरी होतं. अभिमान म्हणावा असं.

मग हळूहळू मला कळलं, की काका या एका वाक्यावर जगत होते. ओटीवर पालथं पडलेल्या प्रत्येकाला ते पाय लावता लावता सांगायचे, "माझी वीज माझ्या मालकिनीनं घेतली, म्हनून ह्यो पाय हाय." आणि गावाच्या हिशेबाने वीज आता फिटली होती. ती आपलं घेऊन गेली होती, चांगो मोकळा झाला होता. पुढच्या वैशाखात गडगडाट झाला तेव्हा काका सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन माझ्या वडिलांशेजारी बसले. बाहेर विजा कडाडत होत्या आणि आमच्या घरात काका बसून भाकरी खात होते. वडिलांनी मान फिरवून डोळे पुसले. लग्नांच्या पंगतीत कुणी आता त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. ते म्हणायचे, "समदी कृपा तिची." ज्या खुळ्या समजुतीशी मी लहानपणापासून भांडले, तिच्यातच या माणसाला शेवटी आसरा मिळाला होता. मी भांडणं बंद केली. आत कुठेतरी मला लाज वाटायची, पण त्यांना माणसांत बसलेलं बघून बरंही वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. ऐंशी साल उलटल्यानंतरचा एक उन्हाळा पुन्हा तसाच पेटला. मी सुट्टीला आले होते. वडिलांकडे ट्रान्झिस्टर होता, संध्याकाळी दिवेलागणीआधी त्यावर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. आम्ही सगळे ओटीवर बसलो होतो. वडील, काका, मी, पायरीवर धाऊ आपला चांगला कान रेडिओकडे करून. घाटावर ढग चढलेला दिसत होता. रेडिओवर कुणी हवामानाचे जाणकार बोलत होते. यंदा उष्णतेची लाट मोठी आहे, जमीन फार तापली आहे, तेव्हा वादळी पाऊस आणि विजांचं प्रमाणही जास्त राहील, वगैरे. मी फळ्यावर शिकवते तेच, म्हणून मी मान हलवत होते.

मग ते म्हणाले, की वीज उंच वस्तूवर पडते. एकटं उभं असलेलं झाड, खांब, डोंगराचा माथा. ती माणसामाणसांत फरक करत नाही, याबाबतच्या समजुतींना आधार नाही. शेतात असाल तर झाडाखाली मुळीच थांबू नका. झाडापासून लांब, खोलगट जागा बघून पाय जुळवून उकिडवे बसा.

वडिलांनी हात लांब करून रेडिओ बंद केला, पण उशीर झाला होता.

काका तंबाखू मळत होते, ती तशीच तळहातावर राहिली. धाऊ पायरीवरून उठला आणि लंगडत आपल्या घराकडे गेला.

"जया," काका म्हणाले, "झाडाखाली नको म्हनला नं तो?"

"हां."

"खोलगट जाग्यात बसा म्हनला."

मी मान हलवली.

"खालचं खाचर खोलगटच हाय. खोपी बुटकी हाय." ते माझ्याकडे न बघता सावकाश बोलत होते, जणू कुणाला रस्ता सांगत होते. "ती दारात बसली व्हती. खांब धरला व्हता तिनं. मी तिला झाडाखाली घालवली. ढेकळं मारून घालवली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तिला आत घेतली असती तर?"

वडील उठून घरात गेले. मी एकटी उरले. वर्गात शेकडो पोरांना मी सांगत आले आहे, की जे खरं आहे तेच बोला. पण समोर म्हातारा माणूस तळहातावर तंबाखू घेऊन बसलेला आणि त्याच्याजवळ जगायला जे एक वाक्य होतं तेही आता जाणार. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्या बोलीत, त्यांच्या गावासारखीच मी बोलले.

"त्या रेडिओवाल्याला काय ठाव काका? तो साध्या मानसांचं सांगत व्हता. तू पायाळू हायस. तुझीच वीज होती ती, तू कुटंबी असतास तरी आली असती. काकीनं ती अंगावर घेतली. समदं गाव म्हनतंय."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही, मला वाटलं मी चांगलं बोलले. त्यांनी तंबाखू ओटीखाली झटकली, हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"लहान व्हतीस तवापासनं भांडत आलीस," ते म्हणाले. "असं काय नसतं म्हनून. गावाशी भांडलीस, माझ्याशी भांडलीस. नदीवर भांडलीस. कधी माघार घेतली नाय तू."

हात डोक्यावर तसाच होता.

"आन आज तू म्हनतीस, असतंय. म्हंजी तो रेडिओवाला खरंच बोलला."